अध्यक्षांची खुर्ची

न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या खिडकीवर एक कारकून बसतात. बोलताना त्यांचा पाय टेबलाखाली सतत हलतो. अहवाल मागणाऱ्या प्रत्येकाला ते हलक्या आवाजात एकच सांगतात, "अजून नाही झाला."

परवा कामकाज तपासायला समिती येणार होती. बातमीसाठी मीही गेलो होतो. टिटवाळ्याच्या एका बाईंना प्रयोगशाळेच्या साहेबांनी उद्या यायला सांगितलं. बाईंच्या मुलीला नवऱ्याने विष दिलं की तिने घेतलं, हे व्हिसेऱ्याच्या, म्हणजे तिच्या मृतदेहातून काढलेल्या अवयवांच्या, अहवालातूनच कळणार होतं.

"मावशी, उद्या कशाला? आजच बसा," म्हणत कारकुनांनी बाईंना समितीच्या अध्यक्षांसाठी मांडलेल्या खुर्चीत बसवलं.

समिती आली. अध्यक्षांनी विचारलं, "या कोण?"

"आमच्याकडचं राहिलेलं काम, सर," कारकून म्हणाले.

"साहेब, माझी नात अजून त्याच्याच घरात हाय," बाई म्हणाल्या.

अध्यक्ष उभेच राहिले. साहेब कारकुनांकडे बघत होते, आणि कारकून बाईंकडे.