हळद कोणाच्या नावाची?

भुताखेतांचं मला काही सांगू नका, असं म्हणणाऱ्यांतली मी. आणि नुसती म्हणणारी नाही, करून दाखवणारी! विशीत मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. काय सांगू त्या बाईचा तोरा... डोळ्यांवर गॉगल, पायात उंच टाचा. चिंचणीच्या वाळूत त्या टाचा रुतल्या तरी चेहरा असा, की चूक वाळूचीच आहे. तिन्हीसांजेला केस विंचरू नये असं सासू म्हणाली की ही बया मुद्दाम ओटीवर बसून विंचरणार. स्वतःच्या हळदीला बायका गाणी म्हणायला बसल्या, तर ही म्हणते, "हे काय सगळं हाय आणि नाय... जरा शुद्ध म्हणा ना." शुद्ध! आज ती मुलगी मला भेटली तर आधी तिचा गॉगल काढून घेईन.

आता मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि तीच हाय-नायची गाणी माईकसमोर बसून म्हणते. हा अनुभव त्याच कामातला. मे महिना, भर दुपार. अमावास्या नाही, वडाचं झाड नाही... ज्यांना ते हवं असेल त्यांनी माफ करावं.

बोईसरजवळ सालवडला आमच्या घराची मागची खोली म्हणजे माझ्या नातीचा, ऋतुजाचा स्टुडिओ. स्टुडिओ कसला — एक लॅपटॉप, एक माईक, आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींवर खिळे ठोकून टांगलेल्या माझ्या गोधड्या. ऋतुजा एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, सुट्टीच्या दिवशी हळदीची गाणी बनवते. आमच्याकडे हळदीला डीजे असतोच, आणि हल्ली प्रत्येकीला गाण्यात आपलं नाव हवं असतं. तशी ही रीत जुनीच. आमच्या गाण्यांत नावाची जागा मोकळी असते. ज्या घरी हळद, तिथल्या नवरीचं नाव बायका त्या जागी घालतात. आमचं गाणं असं आहे —

वाटली गं हळद, कोणाच्या नावाची?
..... बायच्या नावाची.

टिंबं आहेत तिथे नाव. अख्ख्या गाण्यात ही जागा चार वेळा येते. मी गाणं एकदाच म्हणून ठेवलंय, जागा सोडून. ऑर्डर आली की फक्त नाव म्हणायचं. ऋतुजा ते एका प्लगिनमध्ये टाकते. प्लगिन म्हणजे गाण्याच्या सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेला लहानसा प्रोग्राम. आमचा हा प्लगिन कुठलंही नाव ओढूनताणून चालीत बसवतो. आम्ही त्याला नावपेटी म्हणतो.

त्या दिवशीचं गाणं प्रतीक्षाचं होतं. ऋतुजाच्याच लॅबमधली मैत्रीण, मासवणची. आई तान्हेपणीच गेलेली, मावशीने वाढवलं. मावशीचं नाव वनिता. हळद दुपारी चारला, आणि नवऱ्याकडची मंडळी वाणगावहून हळदीलाच येणार होती. नाव मी आदल्या रविवारी म्हणून दिलं होतं. फक्त फाइल काढून पाठवायची बाकी.

सकाळी नऊला मागच्या खोलीतून ऋतुजा ओरडली. मी चहा तसाच टाकून धावले. रात्रीतून सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं आणि नावपेटी उघडत नव्हती.

"आजी, ही नावपेटी बत्तीस बिटची. नवीन सॉफ्टवेअर फक्त चौसष्टवाल्यांनाच आत घेतंय."

"म्हणजे जुनी सासू, नवी सून. बोलणं बंद."

"तसंच समज. आता मध्ये ब्रिज लावते."

"हे कोण?"

"हिचा निरोप तिला सांगणारी बाई."

"बाई विश्वासाची आहे ना? अशाच बायका घरं फोडतात."

"आजी, दोन मिनिटं गप्प बसशील?"

गप्प बसले. ब्रिज लागला, नावपेटी उघडली. ऋतुजाने गाणं लावलं. वाटली गं हळद, कोणाच्या नावाची?... आणि माझ्या आवाजात उत्तर आलं — शुकरी बायच्या नावाची.

मी आधी हसलेच. "कोण गं ही शुकरी?"

"मला काय विचारतेस? तूच म्हणाली असशील!"

मी म्हटलं नव्हतं. शुकरी म्हणजे शुक्रवारी जन्मलेली. डोंगराकडच्या घरांत पूर्वी अशी वारावरून नावं ठेवायचे. सोमी, मंगळी, बुधी. आताच्या ऑर्डरी सगळ्या आर्या आणि अनन्यांच्या. ऋतुजाने नावांचं फोल्डर वरपासून खालपर्यंत पाहिलं. शुकरी कुठेच नाही.

"जुन्या नावांचे तुकडे चिकटले असतील," ती म्हणाली. "शु एकीचा, करी दुसरीचा. मेमरीत असा घोळ होतो."

मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. पण तुकडे जोडलेलं नाव मला कानाला कळतं, आणि हे एका श्वासात म्हटलेलं होतं. शिवाय एक गोष्ट मी तेव्हा ऋतुजाला बोलले नाही. मी नाव घेताना शेवटचं अक्षर वर उचलते, सवयच आहे. ह्या नावाचं शेवटचं अक्षर खाली उतरत होतं. पोर मांडीवर पेंगलं की आपण त्याचं नाव जसं घेतो, तसं.

ऋतुजाने गाण्यातून नावपेटीच काढून टाकली. माझ्या आवाजात रेकॉर्ड केलेलं प्रतीक्षाचं नाव उचलून चारही जागी हाताने बसवलं. लॅपटॉपवर ऐकलं. चारही वेळा प्रतीक्षा. फाइल काढली, फोनवर घेतली, ऐकली. पहिल्यांदा प्रतीक्षा, दुसऱ्यांदा प्रतीक्षा, तिसऱ्यांदा... शुकरी.

आता हसू आलं नाही.

तिने नवीन प्रोजेक्ट उघडला. पुन्हा फाइल काढली. ह्या वेळी शुकरी पहिल्या जागी. सेटिंग बदलून पुन्हा काढली, तर शेवटच्या जागी. प्लगिन नाही, ब्रिज नाही, पडद्यावर चारही ठिकाणी प्रतीक्षाच्याच नावाची रेघ दिसतेय... आणि फोनवर हे. ऋतुजाने माउस बाजूला सारला.

"आजी, नवऱ्याच्या माणसांसमोर दुसऱ्याच मुलीचं नाव वाजलं तर? ते काय समजतील? प्रतीक्षाला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

म्हणून मी वनिताला फोन केला. उगाच सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, तुमच्या भावकीत कोणी शुकरी आहे का?"

तिकडे भांड्यांचा, बायकांच्या बोलण्याचा गलका होता. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि गलका बारीक झाला.

"काकी, ह्ये नाव तुमाला कोनी सांगितलं?"

"गाण्यात येतंय. आपोआप."

"कोनाच्या आवाजात?"

"माझ्याच."

तिने आवाज आणखी उतरवला.

"माज्या बहिनीने ठेवलेलं," ती म्हणाली. "आमच्या प्रतीक्षाचं. शुक्रवारची पोर म्हनून शुकरी. बहीन वीटभट्टीवर गेलेली, तिकडेच तापात गेली. मी पोरीला घेऊन आले. सात महिन्यांची. पन पोर झोपेत दचकायची, कोनीच नाय तिकडे बघून हसायची. आमची म्हातारी बोलली, आई हाक मारते तिला. ह्याच नावाने वळखते. नाव बदल, म्हंजे सापडायची नाय. बदललं. तवापासून ते नाव मी तोंडातून काढलं नाय, काकी. पोरीला पन ठावं नाय."

"बरं," मी म्हणाले.

"ते मांडवात वाजू देऊ नका. तुमच्या पाया पडते. तिची आई तिला न्यायला आली असंल तर?"

विशीतली ती गॉगलवाली असती तर तिने वनिताला अंधश्रद्धेवर भाषण दिलं असतं. तिला भाषणाची फार हौस. मी म्हटलं, "नाही वाजणार," आणि फोन ठेवला.

मी ऋतुजाला म्हटलं, "लॅपटॉप बंद कर." माझा साधा फोन मधल्या स्टुलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि अख्खं गाणं पहिल्यापासून म्हटलं. ऋतुजा पत्र्याच्या डब्यावर ठेका धरून. चारही वेळा प्रतीक्षाचं नाव, शेवटचं अक्षर चांगलं वर उचलून. प्लगिन नाही, सॉफ्टवेअर नाही, काही नाही. पाच वेळा ऐकलं. पाचही वेळा बरोबर. मग ते व्हॉट्सॲपवर पाठवायचासुद्धा धीर होईना, म्हणून आम्ही दोघी रिक्षा करून फोन घेऊन मासवणला निघालो.

वाटेत मी फोन कानाला लावून ऐकतच होते. रिक्षावाला आरशातून बघत होता. "अम्मा, शादी में जा रहे हो ना? फिर रो क्यों रहे हो?"

"पसीना है," मी म्हटलं. "आगे देखो."

मांडवात प्रतीक्षा पाटावर बसली होती, पिवळ्या साडीत, मान खाली घालून. वाणगावच्या बायका एका बाजूला, मासवणच्या दुसऱ्या बाजूला. हळदीचं ताट वनिताच्या हातात. तिने लांबूनच माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — सगळं ठीक आहे. फोन मी स्वतः डीजेवाल्याच्या वायरीला जोडला आणि तिथेच उभी राहिले.

गाणं सुरू झालं. वाटली गं हळद, कोणाच्या नावाची?

आणि काहीच नाही.

डब्याचा ठेका चालू होता. नावाची जागा मोकळी गेली, आणि मग पुढे माझाच आवाज — बायच्या नावाची.

"काकी, नवरीचं नाव खाल्लंत काय!" कोणीतरी ओरडलं. बायका हसल्या. ऋतुजा वायर दाबून बघायला लागली. दुसरं कडवं. कोणाच्या नावाची?... पुन्हा मोकळं. मी स्पीकरच्या अगदी जवळ होते म्हणून सांगते, ती जागा नुसती रिकामी नव्हती. तिथे श्वास ऐकू येत होता. बोलायला तोंड उघडावं आणि थांबावं, तसा.

तिसऱ्यांदाही तसंच. आता हसणं थांबलं होतं. वाणगावच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वनिता ताट खाली ठेवून उभी राहिली होती, दोन्ही तळवे हळदीने भरलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती. स्पीकरकडे बघत होती. मी लांबून मान हलवत राहिले, नको, नको, पण ती बघेल तर ना.

वाटली गं हळद, कोणाच्या नावाची?

"शुकरी," वनिता म्हणाली. हळूच. शेवटचं अक्षर खाली उतरवून.

बायच्या नावाची, गाणं पुढे गेलं.

आणि पाटावरून, मान वर न करता, प्रतीक्षाने ओ दिली. आपल्याला आपल्या घरातून कोणी हाक मारल्यावर देतो तशी. नुसतं "ओ?"

वनिताने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. हळद डोळ्यांत जाईपर्यंत लावली. बायकांना वाटलं, रीतच आहे काहीतरी, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काही झालं नाही, हे आधी सांगते. प्रतीक्षा सुखरूप आहे, वाणगावला नांदतेय. वनिताने त्याच संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. मी वनिताला नंतर विचारलं, इतकी घाबरली होतीस, मग नाव घेतलंस कसं? ती म्हणाली, "तीन वेळा थांबली ती, काकी. न्यायला आलेली असती तर थांबली असती काय?"

फोनवरचं ते रेकॉर्डिंग अजून आहे. चारही ठिकाणी प्रतीक्षाचं नाव स्वच्छ ऐकू येतं. डीजेवाला म्हणतो वायर लूज होती. वायर लूज असेल तर सगळंच जाईल की नाही, नेमकं नाव कसं जाईल? ऋतुजाने सॉफ्टवेअरवाल्यांच्या दोन-तीन ग्रुपवर विचारलं. कोणी म्हणालं कॅशे साफ करा, कोणी म्हणालं बत्तीस बिटचे प्लगिन वापरूच नका. नावपेटी तिने लॅपटॉपवरूनच कायमची काढून टाकली. मीही खूप डोकं चालवलं. माझ्याकडे कारण नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर लिहा, मी वाद घालणार नाही.

गेल्या महिन्यात प्रतीक्षा भेटायला आली होती. मी तिला विचारलंच, "त्या दिवशी तू ओ कशी काय दिलीस? ते तुझं नाव आहे हे तुला माहीतच नव्हतं."

ती म्हणाली, "नाव नव्हतं माहीत, आजी. पण आवाज ओळखीचा वाटला."

"वनिताचा?"

"नाही," ती म्हणाली. "मावशीच्या आधी मांडवात एकदा कोणीतरी मारली ना हाक... तो."