दादाच्या गोदामातला माल

कल्पना करा, तीन गोदामं आहेत आणि कुठला माल कुठे ठेवायचा ते तुम्हालाच ठरवायचंय. बादली आणि अंघोळीचा मग लोक एकत्र मागवतात. ते दोन गोदामांत पडले, तर एका गिऱ्हाइकासाठी दोन माणसांची पायपीट आणि वर गाडीचा जादा फेरा. म्हणून जोडीचं जोडीने ठेवायचं, जास्त खपणारं दाराजवळ. सोपं वाटतं ना? धाकटीलाही वाटलं होतं.

घरपोच सामान पाठवणाऱ्या एका कंपनीत मालाच्या जागा ती ठरवायची. तिचा थोरला भाऊ त्याच कंपनीच्या जुन्या गोदामात मागणीप्रमाणे माल काढून द्यायचा, म्हणून सगळ्यांसाठी ही धाकटी. दादाचे गुडघे कुरकुरायला लागले होते. नवी मांडणी करताना तिने कधीतरीच खपणारा माल मुद्दाम त्याच्याकडे धाडला. दादाला आराम मिळाला आणि खर्चही घटला.

"सगळं म्हातारं सामान माझ्याच गळ्यात मारलंस होय गं?" जेवताना दादाने विचारलं.

"शोभताय की त्यात," वहिनी म्हणाली. "धूळ तेवढी झटकत जा अधूनमधून."

आज साहेबांनी धाकटीची पाठ थोपटली. "तुझ्या मांडणीमुळे एक कळलं. जुन्या गोदामातून फारसं काही जातच नाही, त्याची आपल्याला गरजच नाही. तिथला माल नव्यात हलव. माणसंही तिकडेच येतील. वेग जमला तर राहतील."

नव्या गोदामात हातातलं यंत्र सांगेल तसं दिवसभर पळावं लागतं. दादाला ते जमणार नाही, हे सांगायला कुणी डॉक्टर नको होता.

जुन्या गोदामाला काम मिळावं म्हणून ती संगणकासमोर बसली. बादल्या जुन्या गोदामात टाकून पाहिल्या, तर त्यांचे मग नव्यात मागे राहिले. मगही नेले, तर साबणदाण्या ओरडू लागल्या. काहीही हलवलं की खर्चाचा आकडा वर उडी मारायचा. तो आकडा काढणारा हिशोबही तिनेच बसवलेला. त्याला फसवायचं कसं?

"तोंड का पाडून बसलीस?" घरी दादाने विचारलं. "साहेबांनी झापलं?"

"नाही रे. कौतुक केलं."

"मग पेढे कुठायत?" म्हणत तो भिंत धरून उठला.

ती त्याचं भलं करायला गेली आणि त्याच्याच पायाखालची जमीन काढून घेतली. हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

दिवा मालवला तरी डोकं थांबेना. अशी एखादी वस्तू असेल का, जी लोक रोज मागवतात, एकटीच मागवतात, आणि जी काढायला माणसाला फार चालावं लागत नाही?