तिसऱ्या हाताचा लेप

सौंसरहून नागपूरकडे निघालं की डाव्या हाताला नत्थूजी मिस्त्रींचं टिनाचं शेड होतं. लढाईच्या काळात ते जबलपूरला फौजी गाड्या दुरुस्त करत. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी घरी परतले आणि एकच काम धरलं. इंजिनातला जळका धूर बाहेर नेणारा बिडाचा नळ असतो, ड्रायव्हर त्याला मॅनिफोल्ड म्हणत. त्यावर ते लेप चढवत. चढावर तो नळ तापून लाल व्हायचा, आणि आमच्याकडच्या ट्रकांत भरलेला असायचा कापूस. उडालेला एक पुंजका नळावर बसला की गाडी गेली.

राख, पांढरी माती, ग्राफाइटची भुकटी आणि साबणवाल्यांकडचं चिकट सिलिकेट घोटून ते लेप करत आणि बोटांनीच लावत. एक हात दिला की इंजिन मंद चालवून तो भाजायचा, मग दुसरा, मग तिसरा. दोन दिवस मोडत.

छप्पन सालच्या ऑक्टोबरात सगळ्यांनाच घाई झाली. एक नोव्हेंबरपासून नागपूर एका राज्यात आणि सौंसर दुसऱ्या राज्यात जाणार होतं. ट्रकांची जुनी परमिटं पुढं चालतील का, हे कोणीच सांगेना. लोधीखेड्याचा दत्तात्रय ड्रायव्हर दुसरा हात वाळेपर्यंत कसाबसा थांबला. तिसरा परत आल्यावर देऊ, म्हणाला. नत्थूजी नाही म्हणाले. पण शेवटी नळाचे नटबोल्ट त्यांनीच कसून दिले.

त्याच दुपारी लोधीखेड्याच्या पुढं ट्रक पेटला. दत्तात्रय त्यातून निघाला नाही.

कामाचं काही उरलं असेल तर बघा, म्हणून मालकानं जळकं इंजिन नत्थूजींकडे आणून टाकलं. आठव्या दिवशी त्यांनी नळ खोलायला हात लावला, तर तो कोमट होता. त्यांना वाटलं, उन्हानं असेल. खोलून सावलीत ठेवला. ओलं पोतं गुंडाळलं, ते तासाभरात कोरडं झालं. हौदात बुडवला, तर दुपारपर्यंत हौदाचं पाणी कोमट. बायकोला, केसरबाईंना, त्यांनी नळाला हात लावायला सांगितलं. तिनं लावला, हात पदरात गुंडाळून घेतला आणि त्यानंतर शेडाची पायरी चढली नाही. ही गोष्ट दोघांनी तेव्हा कोणालाच सांगितली नाही.

चार दिवसांनी नत्थूजी लोधीखेड्याला दत्तात्रयच्या बायकोकडे, कलाबाईकडे गेले. आपण दोनच हात दिले होते, तिसरा राहू दिला, हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं. ती कापूस निवडत होती. त्या दिवशी जाताना दत्तात्रय पाणी प्यायला घरी थांबला होता, म्हणाली. मिस्त्री नाही म्हणत होते, मीच ऐकलं नाही, असं त्यानंच सांगितलं होतं.

मग तिनं हातातलं बोंड खाली ठेवलं.

"नळ अजून गरमच हाय ना, भाऊ?"

नत्थूजींनी मान वर केली.

"मंग तिसरा हात देऊन टाका. आमचे हे त्याच्यासाठीच थांबून राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सौंसरला आली. नत्थूजींनी लेप घोटला आणि शेडाच्या दाराकडे पाठ करून, नळ मांडीवर घेऊन तिच्यासमोर बोटांनी लावला. भट्टी पेटवलेली नव्हती, इंजिन तर जळकंच पडलं होतं. तरी लेप एका टोकाकडून पांढरा पडत गेला, हळूहळू, चालत्या इंजिनावर भाजल्यासारखा. शेडभर गरम मातीचा वास पसरला. दुसरं टोक वाळलं तेव्हा त्यांनी नखानं वाजवून पाहिलं. लेप खणखणीत पक्का झाला होता.

कलाबाईनं त्यावर पंजा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. उचलला तेव्हा म्हणाली, "गार झाला." मग पदर सावरून ती बसकडे गेली.

नळ भंगारात गेला. नत्थूजींनी पुढं अठरा वर्षं तेच काम केलं. मी त्यांच्या हाताखाली शिकलो; शेवटच्या आजारपणात त्यांच्याजवळ बसायचो, तेव्हा हे सगळं त्यांनी मला सांगितलं. एकदा मी विचारलं, तुम्हाला त्या नळाची भीती वाटली होती का. ते म्हणाले, नळाची नाही. नळ गार झाला त्या घडीला आपल्या मागं उभं असलेलं कोणीतरी बाजूला सरकलं, आणि पाठीवर ऊन पडलं. तोवर पाठीवर सावली होती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.