दडवलेलं पाडस

वनरक्षकाच्या प्रशिक्षणात मी पहिला आलो होतो. हे आता सांगण्यात काही शोभा नाही, पण पुढं जे झालं ते बरंचसं त्या पहिल्या नंबरामुळं झालं, म्हणून सांगतो. उभ्या सागाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा, वणवा पसरू नये म्हणून जाळपट्टे काढायचे, खड्डा किती खोल, दोन रोपांत अंतर किती, पिशवीतलं रोप मुळं न दुखवता कसं लावायचं, सगळं मला तोंडपाठ होतं. जंगल म्हणजे झाडं, आणि जिथं झाडं नाहीत तिथं ती लावायची, एवढं शिकून मी खाकी चढवली. आणि सरकारनं मला कर्जत तालुक्यातल्या अशा माळावर आणून टाकलं, की चौकीसमोरच्या दोन बाभळी सोडल्या तर सावली म्हणून औषधाला नव्हती.

मी राहुरीकडचा, पाटपाण्यावर वाढलेला. आमच्याकडं बांधावर काठी खोचून ठेवली तरी तिला पालवी फुटायची. इथं नजर जाईल तिथवर कुसळी गवत. चालताना कुसळं मोज्यात शिरायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून मी ती एकेक उपटत शिव्या घालायचो. गवताला, माळाला, बदली करणाऱ्याला. पहिल्या नंबराच्या माणसाला ही कसली शिक्षा, हे मला काही केल्या उमजत नव्हतं.

त्यात दुष्काळ पडला. तो दुष्काळ आमच्या जिल्ह्यात ज्यानं पाहिला त्याला वेगळं सांगायला नको. माळावर दुष्काळी काम निघालं : उताराला आडवे चर खणायचे, चरांच्या मधल्या जागेत खड्डे घ्यायचे आणि पाऊस झाला की रोपं लावायची. मजूर बहुतेक जामखेडच्या बाजूचे. कारखान्याचा हंगाम लवकर आटोपल्यामुळं कोयते ठेवून त्यांनी टिकाव हातात घेतले होते. दुपारी खायला सुकडी वाटली जायची, तेवढा वेळ माळ शांत व्हायचा, की पुन्हा घणघण सुरू.

मी गळ्यात शिट्टी आणि हातात सुतळी घेऊन फिरायचो. खड्डे एका ओळीत म्हणजे एका ओळीत. जरा वाकडा गेला की बुजवून दुसरा घ्यायला लावायचो. भुकेल्या माणसांकडून एकच खड्डा दोनदा खणून घेताना मला तेव्हा लाज वाटली नाही, ती आता वाटते. एकदा रेंजरसाहेब आले, जीपमधून न उतरताच ओळींवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "सूत धरल्यासारखं काम आहे." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होतो. त्या खड्ड्यांत लावलेली रोपं पुढच्या उन्हाळ्यात काड्या होऊन गेली, ते नंतरचं.

माळावर एकच माणूस मला डोळ्यांसमोर नको व्हायचा. तो म्हणजे एक म्हातारा धनगर. पोरं कळप घेऊन नदीकाठाला गेली होती आणि लांबचं चालता न येणारी चार मेंढरं आणि एक शेळी घेऊन हा मागं राहिला होता. कुरण राखीव, चराई बंद, असा हुकूम होता. मी त्याला रोज हाकलायचो, तो रोज यायचा. एकदा रागाच्या भरात मी त्याची मेंढरं कोंडवाड्यात घातली. सोडवून आणल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! वर मलाच शहाणपण शिकवतो.

"गार्ड सायेब, हितं झाडं लावू नगा. हरणाला उघडं रान लागतं. लांबचं दिसलं पायजे त्येला."

"हरणं जंगलात राहतात. तू मला जंगल शिकवतोस?"

"ह्येच की त्येचं जंगल," असं म्हणून तो बोळकं पसरून हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हरणं माळावर होती, हे मलाही दिसत होतं. काळ्या पाठीचे, पिळाच्या शिंगांचे नर आणि पिवळसर माद्या सकाळी लांबवर उभ्या असायच्या. पण माझ्या डोक्यात ती वाट चुकून इकडं आलेली होती. आपण झाडं लावली की त्यांना हक्काचं घर मिळेल, अशी माझी समजूत.

मग एके दिवशी सकाळी कामावरची एक बाई पदरात काहीतरी गुंडाळून माझ्याकडं पळत आली. पदर बाजूला केला तर आत हरणाचं पाडस. दोन दिवसांचं असेल नसेल. कान मागं चिकटवलेले, डोळे उघडे, आणि अंगाची जराही हालचाल नाही.

"गवतात पडलं हुतं सायेब. हात लावला तरी उठंना. आईनं टाकून दिलंय बगा. असल्या दुस्काळात ती तरी काय करंल?"

खरं सांगतो, मला आनंद झाला. आजवर लाकडं मोजली होती, खड्डे मोजले होते. हा माझा पहिला जिवंत वन्यप्राणी. त्यांच्यासाठी नवा कायदा झाल्याचं कानावर होतं, म्हणून मी ताबडतोब कागद काढला आणि पंचनामा केला. मुकादमाचा आणि एका मजुराचा अंगठा घेतला, "पुढील आदेश व्हावा" असं पत्र लिहिलं आणि दुपारच्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती कर्जतला धाडून दिलं. सगळं कसं नियमात.

कंडक्टरला पत्र देऊन परत येतो तो चौकीपुढं म्हातारा उभा. त्यानं पाडसाकडं पाहिलं आणि एकदम गंभीर झाला.

"ह्ये कुणी उचललं? टाकल्यालं न्हाई त्ये. दडिवल्यालं हाय. आई दिवसभर लांब ऱ्हाती, जवळ थांबली तर लांडग्याला कळंल ना. सांच्याला येऊन पाजून जाती. आजच्या आज ठिवून या, जितनं उचललं तितंच."

बाई तिथंच होती. ती म्हणाली, "एवढं तान्हं एकलं टाकून कोन जातं?"

म्हाताऱ्यानं बाभळीकडं हात केला. खालच्या फांदीला लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांत कामावरच्या बायांची तान्ही पोरं झोपलेली. त्यातली एक झोळी तिचीच होती. खणता खणता ती मधेच येऊन पाजून जायची, हे मी रोज बघत होतो आणि वेळ मोडतो म्हणून कुरकुरतही होतो.

"तुजं लेकरू झोळीत हाय, मंग तू काय टाकलंयस व्हय त्येला?"

बाई पांढरीफटक पडली. तिनं माझ्याकडं दोन्ही हात पसरले. "द्या सायेब. म्या ठिवून येते. लई लांब न्हाई."

मी दिलं नाही.

पंचनामा झाला होता. पाडस आता सरकारच्या ताब्यात होतं. ते दिलं आणि उद्या वरून विचारणा झाली, तर मी काय दाखवू? आणि त्याहून खरं कारण असं, की हे म्हातारा सांगत होता. ज्याची मेंढरं मी कोंडवाड्यात घातली त्याच्याकडूनच शिकायचं, तेही कामावरच्या लोकांसमोर, हे माझ्या घशाखाली उतरेना. "कामाला लागा," असं ओरडून मी शिट्टी फुंकली.

त्या संध्याकाळी म्हातारा तांब्याभर शेळीचं दूध घेऊन आला. मी कापडाच्या बोळ्यानं पाडसाला पाजलं. दुसऱ्या दिवशीही तो आला, तिसऱ्या दिवशीही. पाडस आता मला बघून उभं राहायचं आणि माझ्या पँटला ढुशा द्यायचं.

तिसऱ्या दिवशी मजूर गेल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. खड्ड्यांच्या ओळीत एक मादी उभी होती. आदल्या दोन्ही संध्याकाळी मी तिला पाहिलं होतं. मातीचे ढीग हुंगत ती एका खड्ड्याकडून दुसऱ्याकडं जायची, मान वर करायची, पाय आपटायची. हिरवं काही शोधत असेल, असं समजून मी नजर काढून घेतली होती. म्हाताऱ्यानं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "कास बगा तिची. तटतटलीया."

मी बघितलं. ते मलाही दिसलं.

आता तरी उठायचं की नाही? दोनशे पावलांवर आई उभी होती आणि लेकरू माझ्या पायाशी. पण मी काय म्हणालो? "उद्या कागद येईलच." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! त्या संध्याकाळचा राग मला अजून गेलेला नाही, आणि तो साहेबावर नाही.

कागद आला चौथ्या दिवशी. पाडस नर की मादी आणि अंदाजे वय कळवावे, माहिती दोन प्रतींत पाठवावी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. मी दात-ओठ खात दोन प्रती लिहिल्या. पाचव्या संध्याकाळी मादी आली, पण लांबच थांबली. सहाव्या संध्याकाळी आली नाही. त्यानंतर ती मला ओळखू येईल अशी कधी दिसलीच नाही.

नवव्या दिवशी हुकूम आला : मूळ ठिकाणी मुक्त करून पूर्तता अहवाल परतीच्या बसने पाठवावा. बस दुपारची आणि पाडस सोडायचं संध्याकाळी. म्हणून मी अहवाल आधीच लिहून टाकला, "मुक्त करण्यात आले." खाली सही.

संध्याकाळी बाईला बरोबर घेऊन निघालो. आणि मूळ ठिकाण सापडेना. नऊ दिवसांत काम पुढं सरकलं होतं. जिथं गवत होतं तिथं खड्डे, खड्ड्यामागं खड्डा, ओळीमागं ओळ, सगळं एकसारखं. बाई रडकुंडीला आली. "हितंच हुतं... न्हाई, तिकडं हुतं वाटतं." मीच सुतळी धरून तो माळ असा केला होता, की त्याच्या पोटात लपायला एक वीतभर जागा उरली नव्हती. शेवटी म्हाताऱ्यानंच एका जुन्या वारुळावरून जागा दाखवली. वारुळामागं जेमतेम एक पुंजका गवत शिल्लक होतं. त्यात मी पाडस ठेवलं आणि आम्ही मागं फिरलो.

चाळीसेक पावलं गेलो असू. बाई म्हणाली, "सायेब, मागं बगा."

ते माझ्या मागून येत होतं. मी परत नेऊन ठेवलं, पुन्हा आलं. मी ओरडलो, हात उगारला, आणि शेवटी ढेकूळ उचलून त्याच्या दिशेनं भिरकावलं. मला रडू फुटत होतं. ढेकूळ पडलं तिथं ते थांबलं, वाकून त्याचा वास घेतला आणि पुन्हा माझ्याकडं चालू लागलं. म्हातारा म्हणाला, "आता त्ये खाकीचं झालं."

म्हणून मी त्याला परत आणलं. कागदावर ते मोकळं झालं होतं आणि प्रत्यक्षात माझ्या चौकीत राहत होतं. खोटी सही केल्याचं भय मनात बसलं होतं. पंधरा दिवसांनी सकाळीच निरोप आला की रेंजरसाहेब ओळी दाखवायला वरच्या साहेबांना घेऊन येताहेत. मी पाडस उचललं, मागच्या कोरड्या ओढ्यात नेलं आणि नजरेआड बोरीच्या एका झुडपाला बांधलं. जीप आली. साहेब उतरले, ओळी बघितल्या, खूश झाले. चहा झाला. दुसऱ्या टोकाच्या ओळीही बघायच्या म्हणाले, तिकडंही गेलो. मी हसत होतो, हो साहेब, हो साहेब करत होतो. जीपचा धुरळा खाली बसेपर्यंत दुपार कलली होती.

ओढ्यात पोचलो तेव्हा मजुरांच्या मुक्कामावरची कुत्री वर चढून निघून जात होती.

पुढचं लिहवत नाही. एवढंच सांगतो, की दोर मी लांब ठेवला होता आणि गाठ ढिली मारली होती. थोडी ओढ दिली असती तरी ती सुटली असती. मी गाठ बघितली. ती जशी मारली होती तशीच होती, तिला जरासुद्धा ताण बसलेला नव्हता. कुत्री येताना बघून ते उभं राहिलं असणार, कोणी दूध आणलंय का ते बघत. पळायचं असतं, हे आई शिकवते.

संध्याकाळी म्हातारा रोजच्या वेळेला तांब्या घेऊन आला. मी ओट्यावर दोर हातात धरून बसलो होतो. आजवर मी त्याला अरे-तुरे करत आलो होतो आणि बोलायचं कसं, हे मला सुचत नव्हतं.

"बाबा," मी म्हणालो, "उद्यापासनं दूध आणू नका."