तलावापलीकडची हाक

पडेगावला कन्नडची बस पकडली तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, जागा बघायची आणि लेकीला सरळ परत आणायचं. रेवती नुकतीच वनरक्षक झाली होती आणि पहिलीच नेमणूक गौताळ्याच्या जंगलात. बापाला झोप लागेल कशी?

कन्नडहून जीप केली. वस्ती विरळ होत गेली, मग नुसता साग, आणि झाडी संपते तिथं पसरलेला तलाव. सुंदर होता, नाही कशाला म्हणू? पण माझे डोळे घरं शोधत होते. एक दिसलं की मध्ये बरंच रान, मग दुसरं. रेवतीची खोली तर पार टोकाला.

"इथं बिबट्या आहे का गं?"

"आहे ना," ती हसली. "त्याच्यासाठीच तर पगार मिळतो, बाबा."

पलीकडच्या काठावरच्या सखूमावशींनी मासे आणि बाजरीची भाकर पाठवली होती. चव झकास, पण घास उतरेना.

दिवस मावळताना पलीकडून बाईची लांबलचक हाक आली, "रेवतेऽऽ!" रेवती दाराकडे निघाली. मी तिचं मनगट धरलं. तिन्हीसांजेला रानातून आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही, हाकामारी (नाव घेऊन बोलावणारं भूत) असते, हा माझ्या गावाकडचा, पाचोडचा, लहानपणापासूनचा धाक. ती काहीतरी सांगू बघत होती, मी ऐकेन तर ना. पुन्हा हाक आली, मग सगळं शांत.

थोड्या वेळानं झाडांतून बॅटऱ्या हलताना दिसल्या. काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली माणसं आमच्याकडेच पळत येत होती. मी रेवतीला मागं ओढलं. पुढं धापा टाकत एक म्हातारी. याच सखूमावशी, रेवती म्हणाली.

त्यांनी आधी रेवतीला चाचपून बघितलं, मग माझ्याकडे वळल्या.

"सांजच्याला समद्या घरांनी एकमेकाला हाक मारायची अन् ओ द्यायची, ही इथली रीत हाय. ओ नाय आली की पळत यायचं. लई जीव टांगणीला लागला वो आमचा."

"मीच तिला अडवलं," मी म्हणालो. मान वर होईना.

"व्हय, बापाचा जीव हाय," एवढंच त्या बोलल्या आणि चहा ठेवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच जीपमध्ये बसलो. पडेगावला उतरलो तेव्हा दिवे लागत होते. आमच्या इमारतीच्या जिन्यात सगळी दारं बंद, आतून टीव्हीचे आवाज.

"पोरीला एकटीला सोडून आलात?" बायकोनं दारातच विचारलं.

काळजी गेली असं मी म्हणणार नाही. पण एव्हाना तिथं हाक गेली असेल. रेवतीनं ओ दिली नसेल, तर माणसं निघालीसुद्धा असतील.

"आत्ता जिन्यात मी पडलो असतो," मी म्हणालो, "तर कोण आलं असतं?"