धारच्या खोलीबाहेरची खुर्ची

सुधीर जगदाळे हातात लाकडी दांडका घेऊन प्रेससमोर उभा होता आणि मागे अकरा ऑपरेटर जांभया देत होते. दांडका आत घातला की मशीन थांबायचं. तपासायचं ते एवढंच. नियम तीन वेळांचा, त्याने माझ्यादेखत चौदा वेळा केलं.

"सुधीर भिया, हो गया क्या?"

"एक मिनट," म्हणत त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मी मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या पीथमपूरच्या त्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर होते. म्हणजे जे कुणाचंच काम नाही ते माझं. सुधीर प्रेस शॉपचा शिफ्ट इन-चार्ज. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन. त्याच्या तोंडाशी लाइट कर्टन असतो, प्रकाशाचा न दिसणारा पडदा. त्यात हात आला की मशीन जागच्या जागी थांबतं. हे सगळं तपासून इन-चार्जने चेकशीटवर सही केल्याशिवाय साडेसहाची शिफ्ट सुरू होत नाही.

चार महिन्यांपूर्वी सुधीरने सही केली आणि तासाभरात एका प्रेसचा पडदा बंद पडला. रामेश्वर नावाच्या ऑपरेटरची दोन बोटं गेली. चौकशीत निघालं की सेन्सर आतून बिघडला होता, बाहेरून कळलंच नसतं. सुधीरचा दोष नाही, असं पत्र आलं. मीच ते त्याला वाचून दाखवलं. तरी तेव्हापासून त्याची सही व्हायला पाऊण तास जास्त लागू लागला.

प्लांट हेडने मला बोलावलं. "मैडम, आदमी हीरा है. पर लाइन रोज खड़ी रहती है. महीने भर में ठीक हो गया तो ठीक, नहीं तो स्टोर में भेज देंगे."

मी सुधीरला सांगितलं. बावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढलेला माणूस. शांतपणे म्हणाला, "स्टोअरमध्ये टाकलं तर मी घरीच बसेन मॅडम." तो खरंच बसला असता.

आता माझी चूक सांगते. मी देवासची, सुधीरही देवासचा. आम्हा मराठी घरांत काहीही अडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आपल्यातलं कुणी आहे का?" डॉक्टर असो, वकील असो, तो गणेशोत्सवात भेटणारा हवा. म्हणून मी सुधीरला आप्पांकडे नेलं. आप्पा मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, समुपदेशन करतात, अतिशय भला माणूस. त्यांनी दारातच विचारलं, "अरे, तू आमच्या दत्तूचा ना?" तिथेच कारभार आटोपला. सुधीरने वाकून नमस्कार केला. मी शेजारी बसून राहिले, आपल्या माणसाला एकटं कसं सोडायचं! आप्पांच्या निम्म्या प्रश्नांना तर मीच उत्तरं दिली. तासाभराने सुधीर म्हणाला, "बरं वाटतंय काका."

दुसऱ्या दिवशी दांडका सतरा वेळा आत गेला.

"आप्पांना खरं का नाही सांगितलंस?" मी चिडून विचारलं.

"मॅडम, रविवारपर्यंत आईच्या कानावर गेलं असतं."

मग मी जरा अक्कल वापरली. एका मैत्रिणीने धारच्या थेरपिस्ट नीलिमाजींचा नंबर दिला. फोनवर मी शिक्षण विचारलं, अनुभव विचारला, गुप्ततेचं काय तेही विचारलं. सरळ उत्तरं मिळाली. त्यांची पद्धत मानवतावादी थेरपीची. म्हणजे काय, तर त्या म्हणाल्या, "मैं सलाह कम देती हूँ. आदमी अपने बारे में मुझसे ज़्यादा जानता है. उसे एक ऐसी जगह चाहिए जहाँ कोई उसे जाँचे नहीं."

"और उन्हें ठीक नहीं लगा तो?"

"तो दूसरा थेरपिस्ट ढूँढने में मैं मदद करूँगी. दवा की ज़रूरत दिखी तो डॉक्टर के पास भेजूँगी."

आपलं काम कुठे संपतं हे न लाजता सांगणारी माणसं मी नोकरीत फार पाहिली नाहीत.

सुधीरची गुरुवारची सुट्टी मंजूर करून घेतली आणि आम्ही धारला गेलो. नीलिमाजी माझ्या लेकीच्या वयाच्या निघाल्या. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "आप यहाँ बैठिए."

"मैं इनके साथ आई हूँ."

"इसीलिए."

तासभर मी त्या खुर्चीत धुसफुसत बसले.

दुसऱ्या गुरुवारनंतर मी प्लांट हेडसाठी रिपोर्ट मागितला. त्या म्हणाल्या, "वो तो इनकी बात है. ये चाहें तो बताएँगे."

"इनकी नौकरी जा सकती है!"

"जानती हूँ. पर रिपोर्ट जाएगी, यह पता हो तो मुझे भी वही सुनाएँगे जो सबको सुनाते हैं."

मला आप्पांची बैठक आठवली. मनातल्या मनात मी त्या पोरीला हात जोडले.

तिसऱ्या गुरुवारी परतताना गाडीत सुधीर आपणहून बोलायला लागला. "मॅडम, तुझी चूक नाही, असं सगळेच म्हणाले. आई, बायको, साहेब, तुम्ही. मग पुढे बोलायला जागाच नाही राहिली. ह्या एकट्याच नाही म्हणाल्या तसं."

"मग काय म्हणाल्या?"

"त्या सकाळचं काय आठवतं, एवढंच विचारलं अन् बसून राहिल्या. मी रडलो. लई वेळ. त्यांनी घड्याळ पण नाही पाहिलं." मग म्हणाला, "मी रामेश्वरला भेटायला गेलोच नाही. तुम्हीच म्हणाला होता, चौकशी चालू आहे तोवर जाऊ नको."

म्हणाले होते. चौकशी संपून तीन महिने झाले होते आणि आता जा, हे सांगायचं मी साफ विसरले होते. माझी मान खाली गेली.

"आता नीलिमाजींनी सांगितलं का जायला?"

"नाही. मीच ठरवलं."

रविवारी तो बसने सोनकच्छला, रामेश्वरच्या घरी गेला. तिथलं त्याने मला एकच वाक्य सांगितलं. दार उघडून रामेश्वर म्हणाला होता, "भिया, इत्ते दिन लगा दिए?"

सोमवारी काही जादू झाली नाही. दांडका नऊ वेळा आत गेला. मंगळवारी सात. महिन्याच्या शेवटच्या सकाळी मी लांब उभी राहून मोजत होते. प्रत्येक प्रेसला तीन. सही झाली, सहीसमोर त्याने वेळ लिहिली, सहा सत्तावीस. मी तिथेच डोळे पुसले, आणि कुणी पाहिलं त्याची फिकीर केली नाही.

प्लांट हेडने विचारलं, "थेरपी की रिपोर्ट मिली?"

मी त्यांच्यासमोर चेकशीट ठेवली. त्यांनी वेळ वाचली, चष्मा काढला. "उसकी गुरुवार की छुट्टी चालू रखिए."

सुधीर अजून धारला जातो, एकटा. त्या खोलीत काय बोलणं झालं, मला आजतागायत माहीत नाही. आता कुणासाठी थेरपिस्ट शोधायचा झाला तर मी आपल्यातलं कुणी बघत नाही. शिक्षण विचारते, नंबर देते, फारच आग्रह झाला तर सोबत जाते आणि कुणी सांगायच्या आत बाहेरची खुर्ची धरते.