पोळपाट घेऊन पातालकोट

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेतले चार मास्तर पातालकोटच्या खोल दरीकडे निघाले. चार दिवस जंगलातून पायी, पाठीवर सामान. बरोबर दोन शिक्षिकाही हव्यात असं मोठ्या सरांनी ठरवलं, तेव्हा मला वाटलं, काळ बदलला. शिवणाच्या बाई म्हणाल्या, "अवो, पोळ्या कोन लाटन?" त्यांचंच खरं निघालं. सरांच्या पिशवीत दुर्बीण गेली आणि माझ्या पिशवीत सागवानी पोळपाट.

तरी मी गेले, कारण मोहगावचे माझे वडील. नोकरीत असताना ते त्या दरीच्या काठापर्यंत पोचले होते, पण गुडघ्यानं दगा दिला आणि खाली उतरता आलं नाही. निघताना म्हणाले, "खाली काय हाय ते पाहून ये अन् मले सांग." त्यांनी मला सांगितलेलं हे एकच मोठं काम.

वाटेत मास्तर मंडळी पुढं चालत आणि शौर्याच्या गप्पा मारत. मुक्कामाला पोचलं की त्यांचे पाय दुखत आणि आमचे हात चालत. पायही आमचे दुखत होतेच, पण ते विचारायची पद्धत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दरीच्या काठावरच्या गावात सकाळी मोठे सर म्हणाले, "तुमी कायले तकलीफ घेता बाई? उतार लय कठीन हाय. आमी पाहून येतो, तुमी सैपाक करून ठेवा." चौघं निघाले. मी पोळपाट शिवणाच्या बाईंपुढं ठेवला. त्या म्हणाल्या, "जा तू." मीठ घेऊन घरी उतरणाऱ्या एका भारिया आदिवासी बाईच्या मागं मी उतरू लागले.

दुसऱ्याच वळणावर चारही मर्द झाडाखाली पत्ते कुटत बसलेले. दुर्बीण फांदीला टांगलेली. मला पाहून चौघंही एकदम खोकू लागले.

मी खाली पोचले. सारवलेली अंगणं, बारीक झरा, पानावर वाढलेला कुटकीचा भात. ऊन अजून आलंच नव्हतं. ते अंगणात उतरलं आणि कोंबडा आरवला. घड्याळात साडेनऊ झाले होते. मला इतका आनंद झाला की रडू आलं.

परतताना ते चौघं तिथंच होते. खाली काय होतं ते त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि वर विनवलं, "शाळेत काही बोलू नका बाई." मला त्यांची कीव आली. मी हसत हो म्हटलं. सगळं सांगितलंही, अगदी कोंबड्यासकट. एवढा मूर्खपणा मी पुन्हा केला नाही.

रविवारी मोहगावला गेले. वडील ओसरीवर वाटच पाहत होते. मी अंगणं सांगितली, झरा सांगितला. ते मान हलवत होते.

"अन् ऊन आल्यावर कोंबडा आरवला न? साडेनऊले?"

कोंबड्याचं मी अजून सांगितलंच नव्हतं.

"तुमचे मोठे सर आले होते काल गावात, त्यायच्या बहिनीकडे. इथं दोन घंटे बसून सांगतलं. तुमी बाया वरच होत्या म्हने."

"बाबा, तो कोंबडा मी ऐकला."

लहानपणी मी वाघ पाहिला म्हणायचे तेव्हा ते हसत, तसेच हसले.

"बरं बाप्पा," ते म्हणाले, "तूच आयकला."